फिल्टर मीच आवळला होता

आमच्याकडे माळव्यात नोव्हेंबर आला की घरातले सगळे फोन एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : गहू कधी पेरायचा? सोयाबीन निघून गेलेलं असतं, दिवाळीच्या फराळाचे डबे अजून पूर्ण रिकामे झालेले नसतात आणि काळी जमीन पलेव्याचं पाणी पिऊन तयार होत असते. पलेवा म्हणजे पेरणीआधी दिलेलं पाणी. ते दिल्यावर माती चिखलासारखी राहूनही चालत नाही आणि पार सुकूनही चालत नाही. या मधल्या अवस्थेला मराठीत वाफसा म्हणतात. आमच्या शेतात तो जेमतेम दोन-तीन दिवस टिकतो. तेवढ्यात पेरणी झाली तर झाली. नाहीतर वरची माती सुकते, भेगा पडायला लागतात आणि पुन्हा पाणी देऊन पुन्हा वाट बघायची.

गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत आमचा ट्रॅक्टर पत्र्याच्या एका डब्यापायी उभा राहिला. तो डबा म्हणजे इंजिनाचा ऑइल फिल्टर. तो निघेना. आणि आदल्या वर्षी तो आवळून बसवला होता मी.

तुमच्यापैकी अनेकांचं घर आमच्यासारखंच असेल. पणजोबांच्या आधीची कुणी पिढी होळकरांच्या काळात इकडे आली, चाकरी केली, थोडी जमीन घेतली. आता घर इंदूरला, शेत देपालपूरच्या बाजूला आणि शेताकडे बघणारे एकटे काका. बाकी आम्ही सगळी चुलत भावंडं लॅपटॉपवाली. ट्रॅक्टर विकून टाकावा आणि भाड्याने काम करून घ्यावं, हा आमचा दर दिवाळीचा वाद. काकांचं म्हणणं एकच असतं, "वाफशाच्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही. त्या दिवशी तो सगळ्या गावाला हवा असतो."

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. ट्रॅक्टरशी वाकून काम करणं जमेना. तेव्हा मी म्हणाले, "काका, ऑइल बदलायचं मला शिकवा." त्यांनी शिकवलं. एक गोष्ट सोडून बाकी सगळं मी त्यांनी सांगितलं तसंच केलं.

डब्याच्या आत काय असतं

ती एक गोष्ट समजायला आधी फिल्टर समजून घ्यायला हवा. इंजिनात ऑइल सतत फिरत असतं. फिरताना ते धातूचा बारीक कीस, काजळी, धूळ असं सगळं बरोबर घेऊन येतं. हा कचरा पुन्हा बेअरिंगांपर्यंत पोचला तर इंजिन आतून झिजतं. म्हणून पंपाने ढकललेलं ऑइल आधी फिल्टरमधून जातं. डब्याच्या तोंडावर एक जाड लोखंडी चकती असते. तिच्या कडेने गोलाकार भोकं असतात आणि मध्ये आट्यांचं एक मोठं भोक. ऑइल कडेच्या भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात परत जातं.

इंजिनाच्या बाजूला फिल्टरची बैठक असते. तिच्या मध्यातून आट्यांची एक नळी बाहेर आलेली असते. त्या नळीवर डबा फिरवून बसवायचा. डबा आणि बैठक यांच्यामध्ये रबराची एक रिंग असते. ऑइल गळू न देण्याचं सगळं काम ती रिंग करते. आटे फक्त डबा धरून ठेवतात.

रिंगला घट्ट आवळण्याची गरज नसते. ती बैठकीला टेकली की त्यापुढे साधारण पाऊण फेरा, तोही हाताने, एवढंच बहुतेक फिल्टरांना पुरतं. नेमकं किती ते फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. रिंगवर आधी बोटाने नवं ऑइल लावायचं असतं, म्हणजे ती बैठकीवर घसरत फिरते आणि सपाट बसते.

काकांनी मला हे सगळं सांगितलं होतं. पण फिल्टर बसवताना माझ्या मनात आलं, काकांचा हात वेगळा आणि माझा वेगळा. त्यांच्या हाताने आवळलेला पाऊण फेरा म्हणजे पक्का. माझ्या हाताने आवळला आणि भर शेतात ऑइल गळलं तर? म्हणून ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी पट्ट्याचा पाना लावला आणि फिल्टर आणखी अर्धा-पाऊण फेरा आवळला. रिंगला ऑइल लावायचंही त्या घाईत राहून गेलं. ऑइल एक थेंब गळलं नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या सकाळी

आमच्याकडे ऑइल बदलण्याइतके तास भरायला जवळजवळ वर्ष जातं. ट्रॅक्टरवर तास मोजणारं मीटर असतं आणि ऑइल किती तासांनी बदलायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही ट्रॅक्टरांना २५० तास, काहींना त्याहून जास्त. आमचे तास पेरणीच्या तोंडावरच भरले. काका बियाणं आणायला गेले होते. ते येईपर्यंत काम उरकून ठेवायचं, असं मी ठरवलं.

इंजिन थोडा वेळ चालवून कोमट केलं. कोमट ऑइल पातळ होतं, तळाचा गाळ बरोबर घेऊन निघतं आणि फिल्टरची रिंगही जरा नरम पडते. फार गरम करू नये, उकळतं ऑइल हातावर आलं तर कातडी सोलून निघते. ट्रॅक्टर सपाट जागी, ब्रेक लावलेला, चावी काढलेली. चेंबरचा नट उघडला, जुनं काळं ऑइल घमेल्यात काढलं. मग फिल्टरला हात घातला. हलला नाही.

पट्ट्याचा पाना लावला. पट्टा घसरला. डबा चिंधीने पुसून तेलकटपणा घालवला, पट्टा आणि डबा यांच्यामध्ये सँडपेपरचा तुकडा घातला. आता पट्ट्याने पकड घेतली, पण फिल्टर तिथेच. मग मी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून लांबी वाढवली आणि पूर्ण जोर लावला. काहीतरी हललं. मला वाटलं निघाला. बघते तर डबा मधोमध पिळवटून चेपला होता.

पट्टा डब्याच्या मध्यावर होता, चूक तिथे झाली. मधला पत्रा पातळ असतो. पकड घ्यायची ती चकतीजवळ, इंजिनाकडच्या टोकाला. तिथे डब्याची कड दुमडलेली आणि आतून भक्कम असते. चेपलेल्या डब्यावर मग पट्टा नीट बसेना.

यानंतर मी जे केलं ते फोनवर पाहिलेलं होतं. मोठा पेचकस घेतला, हातोडीने डब्यातून आरपार ठोकला आणि त्याचा दांडा करून फिरवायला लागले. पेचकस फिरला, पण फिल्टर फिरला नाही. पत्रा कागदासारखा फाटत गेला आणि आतलं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं.

काका आले तेव्हा मी अशीच उभी होते. ते काही बोलले नाहीत. बियाण्याचं पोतं उतरवून घेतलं, जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, "अगं, भोक पाडायच्या आधी हाक मारायची होतीस. निघत नव्हता तर जुन्याच फिल्टरवर नवं ऑइल भरलं असतं, पेरणी उरकली असती, मग निवांत काढला असता."

खरंच होतं. जुना फिल्टर आणखी काही तास चालला असता. फाटलेल्या फिल्टरवर मात्र इंजिन एक मिनिटही चालवता येत नाही, पंप सगळं ऑइल बाहेर फेकून देतो. भोक पाडेपर्यंत ते काम पुढे ढकलता येत होतं. भोक पाडल्यावर ट्रॅक्टर बंद. मी तेव्हापासून एक क्रम पाळते : आधी फिल्टर जरासा सैल होतो का ते बघायचं, झाला तरच चेंबरचा नट उघडायचा.

मिस्त्रीने काय केलं

गावातला मिस्त्री दुपारनंतर आला. त्या दिवसांत त्याच्याकडे रांग असते. फिल्टर बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ये कसा किसने था?"

काका माझ्या आधी म्हणाले, "हमने ही कसा था, पिछले साल।"

मी म्हणाले, "काकाने नहीं, मैंने। पाने से।"

मिस्त्रीने मान हलवली आणि कामाला लागला. आधी त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आमच्या ट्रॅक्टरवर फिल्टर सेल्फच्या शेजारी आहे. सेल्फला जाणाऱ्या जाड तारेत नेहमी वीज असते. लोखंडी पाना किंवा पत्रा तिला आणि इंजिनाला एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते, आणि आजूबाजूला सगळं ऑइल-डिझेल. मी सकाळभर तिथेच नळी फिरवत होते.

मग त्याने खडूने बैठकीवर एक बाण काढला. डब्याचा बंद बूड आपल्याकडे असेल तर फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने निघतो. पण तोंड वर करून लटकलेल्या फिल्टरवर आपण वरून वाकून बघत असलो की हीच दिशा उलटी दिसते आणि भलेभले सैल करण्याऐवजी आवळत बसतात. बाण काढला की डोक्याला ताण नाही.

हातमोजे घालून त्याने फाटका पत्रा कापून काढला. आतला कागद आणि जाळीची नळी ओढून बाहेर काढली. आता इंजिनावर राहिली फक्त ती जाड चकती, तिच्या भोकांसकट. मला वाटलं होतं आता याला धरणार कुठे? त्याने बोथट छन्नी घेतली, चकतीच्या कडेच्या एका भोकात तिरकी टेकवली आणि बाणाच्या दिशेने हातोडीने हलकेच टकटक केली. चार-पाच ठोके. मग समोरच्या भोकात चार-पाच. मग तिसऱ्यात. एकाही ठोक्यात जोर नव्हता. सलग हलके ठोके बसले की चिकटलेली रिंग सुटत जाते. एकदम जोर लावला तर छन्नी निसटून मधल्या आट्यांवर किंवा बैठकीवर बसते, आणि तिथे ओरखडा पडला तर नवा फिल्टर कितीही चांगला असो, गळणारच.

काकांनी विचारलं, जरा गॅसने तापवायचं का? मिस्त्री म्हणाला, ऑइल सांडलेल्या इंजिनाजवळ आग कधीच नाही.

दहाएक मिनिटांनी चकती केसभर सरकली. मग बोटभर. मग त्याने हाताने फिरवून काढली आणि माझ्या हातात दिली. मधली आट्यांची नळी चकतीबरोबर निघून तर आली नाही ना, हे त्याने तपासलं. कधी कधी येते, मग ती परत बैठकीत नीट बसवावी लागते.

पण काम तिथे संपलं नव्हतं. चकतीवर रबरी रिंग नव्हती. ती बैठकीलाच चिकटून बसली होती, काळ्यावर काळी, डोळ्यांना दिसतही नव्हती. काकांनी बोट फिरवून ओळखली. ती तशीच राहिली असती आणि वर नव्या फिल्टरची रिंग बसली असती तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात. इंजिन सुरू झाल्यावर दाब वाढला की वरची रिंग सटकते आणि सगळं ऑइल भसाभस बाहेर येतं. चालवणाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत इंजिन कोरडं पडून जाम होऊ शकतं. जुना फिल्टर काढला की त्याच्यावर रिंग आहे ना, हे बघायला दोन सेकंद लागतात.

फिल्टर अडकतो का

मी नंतर काकांना आणि मिस्त्रीला हाच प्रश्न विचारला. दोघांनी मिळून सांगितलं ते असं. कोरडी रिंग बैठकीवर घसरत नाही, पिळते आणि धातूला चिकटते. वर्षभर इंजिन रोज तापतं, निवतं. त्या उष्णतेने रबर कडक होतं आणि चिकटलेलं आणखी चिकटतं. त्यात पान्याने आवळलं तर रिंग पार दाबली जाते आणि चकतीचं लोखंड थेट बैठकीच्या धातूला टेकतं. वरून धूळ आणि गंज. म्हणजे फिल्टर काढताना जी झटापट होते तिचं कारण बहुतेक वेळा तो बसवतानाच तयार झालेलं असतं. मी वर्षभरापूर्वी दहा सेकंदांत ते तयार केलं होतं.

नवा फिल्टर काकांनी मलाच बसवायला लावला. आधी जुन्या-नव्याचा नंबर जुळवला, रिंगचा घेर सारखा आहे हे पाहिलं. बैठक स्वच्छ चिंधीने पुसली. रिंगला नवं ऑइल लावलं. आमचा फिल्टर तोंड वर करून बसतो, म्हणून त्यात आधी थोडं ऑइल भरलं, म्हणजे सुरुवातीला इंजिनाला कोरडं फिरावं लागत नाही. हाताने फिरवत नेला, रिंग टेकली तिथे खडूची खूण केली आणि पुढे पाऊण फेरा. माझा हात आपोआप पान्याकडे गेला. काकांनी पाना उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

चेंबरचा नट लावून मापाने ऑइल भरलं, बॅटरीची तार जोडली, इंजिन सुरू केलं. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही क्षणांत विझला. तो विझला नाही तर लगेच इंजिन बंद करायचं. फिल्टरभोवती बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं, सगळं कोरडं. मग इंजिन बंद केलं, काही मिनिटं थांबून डिपस्टिकवर पातळी बघितली. फिल्टरने स्वतःत ऑइल ओढलेलं असतं, म्हणून थोडं वरून घालावं लागलं.

एव्हाना अंधार पडला होता. पेरणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. खालच्या बाजूला ओल होती, वरचा दीड-दोन बिघ्यांचा तुकडा मात्र सुकून गेला होता. तिथे गहू विरळ उगवला. होळीला गेले तेव्हाही तो तुकडा लांबून ओळखू येत होता. काका त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत.

जुन्या ऑइलचं काय करायचं

घमेल्यातलं काळं ऑइल बांधावर ओतून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते करू नका. ते मातीत मुरतं आणि पावसाबरोबर विहिरीकडे जातं. हातांनाही ते वारंवार लागू देऊ नये, त्वचेला घातक असतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि असं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन देतो. जुना फिल्टरही रात्रभर उपडा ठेवून निथळून घेतो आणि त्याच्याबरोबरच देतो.

ज्यांना हे सगळं नीट शिकायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्या मध्य प्रदेशातच, नर्मदेकाठी बुदनीला, भारत सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण आणि परीक्षण करणारी केंद्रीय संस्था आहे. १९५५ साली ती ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली. देशात विकले जाणारे ट्रॅक्टर तिथे तपासले जातात आणि शेतकऱ्यांना ट्रॅक्टरची देखभाल शिकवली जाते. घरी शेत असेल आणि आपली पिढी फक्त सातबारा किंवा खसऱ्यावरचं नाव एवढ्यापुरतीच उरली असेल, तर तिथे एकदा जाऊन यायला हरकत नाही.

यंदा

काकांकडे ट्रॅक्टरची एक वही आहे. ऑइल कधी बदललं, मीटरवर किती तास होते, कुठला फिल्टर घातला, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. गेल्या वर्षीच्या पानावर मी माझ्या हाताने लिहिलं : हाताने पाऊण फेरा, रिंगला ऑइल लावलं. डब्यावरही न पुसणाऱ्या पेनने तारीख आणि तास लिहिले. पुढच्या वेळी काढणारी मीच असेन की आणखी कुणी, त्याला कळावं म्हणून.

यंदा तास दसऱ्यालाच भरत आले. पेरणीची वाट न बघता तेव्हाच फिल्टर काढायला घेतला. पट्टा चकतीजवळ लावला आणि हलकासा झटका दिला. फिल्टर सुटला. पुढचा सगळा हातानेच फिरला. त्याच्यावर रिंग होती.

माझा चुलत भाऊ पुण्याहून आला होता, बाजूला उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "एवढंच असतं?"

"बसवताना बघ," काका म्हणाले, आणि नवा फिल्टर त्याच्या हातात दिला.

ट्रॅक्टर विकायचा विषय यंदाच्या दिवाळीत कुणी काढला नाही. पुढच्या दिवाळीत निघेलही. तोवर वहीत तिसरं अक्षर आलं आहे.